उद्घाटनाला कुणी भांडत का नाही?

८ फेब्रुवारी २०१९च्या संध्याकाळी मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन सुरू झालं. बरवे जाऊन तेव्हा तेवीस वर्षं उलटली होती. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेला, घड्याळ, पान, किल्ली अशा रोजच्या वस्तू रिकाम्या अवकाशात सोडून देणारा आणि ‘कोरा कॅनव्हास’सारखं पुस्तक मराठीत लिहिणारा हा चित्रकार. मराठी माणसाला अगदी आपला वाटावा असा सोहळा. बोलायला अमोल पालेकर उभे राहिले. नाटक-सिनेमाच्या आधी तेही जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेले. बोलता बोलता ते संस्थेच्या कारभारावर आले. स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती बरखास्त झाली आहे, या भिंतींवर काय लागणार हे आता दिल्लीत ठरणार आहे, असं त्यांनी सांगायला घेतलं आणि व्यासपीठावरून त्यांना अडवण्यात आलं. बरव्यांविषयी बोला, असं सांगण्यात आलं. तेही एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेवटी त्यांनी भाषण आटोपतं घेतलं.

नंतर जो गदारोळ झाला त्यात बहुतेकांनी सेन्सॉरशिपचा मुद्दा उचलला, आणि तो खोटा नव्हता. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत सरकारी निर्णयावर टीका होताना वक्त्याला अडवलं तर त्याला दुसरं काय म्हणायचं? तरी त्या प्रसंगाची चित्रफीत पाहताना मला सेन्सॉरपेक्षा यजमानाचा सूर जास्त ऐकू येतो. आज घरात कार्य आहे, पाहुणे जमलेत, हे आत्ताच कशाला काढलंत? आपल्याकडच्या कुठल्याही घरातल्या मोठ्या काकूंना हा सूर तोंडपाठ असतो. आणि सभागृहात बसलेल्या बऱ्याच सभ्य माणसांना तो मनातून पटलाही असणार. मुद्दा बरोबर आहे हो, पण ही वेळ नव्हे.

माझं म्हणणं असं, की हीच वेळ होती. एरवी कलेविषयी चारचौघांत, तोंडावर, जाहीरपणे काही बोलायची दुसरी जागा आपण शिल्लकच ठेवलेली नाही.

उद्घाटनांवर नेहमी होणारा आरोप वेगळा असतो. तिथे चित्रं कुणी बघत नाही, हा. लोक चित्रांकडे पाठ करून उभे असतात, हातात पेला असतो, नजर दारातून कोण येतंय यावर असते. हे सगळं खरं आहे आणि फार जुनं आहे. १९६५च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या इन्स्टिट्यूट ऑफ कन्टेम्पररी आर्टमध्ये अँडी वॉरहॉलचं संग्रहालयातलं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला इतकी माणसं येणार हे दिसू लागल्यावर, चेंगराचेंगरीत चित्रांना इजा होऊ नये म्हणून ती भिंतींवरून उतरवून ठेवली गेली. म्हणजे चित्रप्रदर्शनाचं उद्घाटन आणि भिंती जवळजवळ मोकळ्या. लोक वॉरहॉलला बघायला आले होते, चित्रं नाहीत म्हणून कुणी परत गेलं नाही. गर्दी एवढी वाढली की वॉरहॉल आणि त्याच्यासोबतची एडी सेजविक जिन्यावर अडकून पडले आणि छताला भोक पाडून त्यांना बाहेर काढावं लागलं.

त्याच्या सात वर्षं आधी, २८ एप्रिल १९५८ला, पॅरिसमध्ये इरिस क्लेर यांच्या छोट्याशा गॅलरीत इव्ह क्लाइन यानं याहून पुढची मजल मारली होती. त्यानं दालन आतून पांढरं रंगवलं आणि आत काहीही ठेवलं नाही. प्रदर्शन शून्याचंच होतं. दारावर मात्र गणवेशातले रिपब्लिकन गार्ड उभे, आणि आलेल्यांना खास बनवलेलं निळं पेय. रस्ताभर माणसं लोटली. त्या पेयात घातलेल्या रंगामुळे दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना निळी लघवी झाली म्हणतात. क्लाइन थट्टेखोर होता, पण यात त्याला एक गोष्ट नेमकी कळली होती. उद्घाटन हा चित्रांभोवतीचा समारंभ नसतो, तो स्वतःच एक घटना असतो. चित्र स्टुडिओत असतं तोवर ते चित्रकाराचं आणि फार तर त्याच्या घरच्यांचं. दहा अनोळखी माणसं एकाच वेळी त्याच्यासमोर उभी राहिली की ते सार्वजनिक होतं. मग ती माणसं त्या तासाभरात त्याच्याकडे नीट बघतात की नाही, हा मुद्दा गौण आहे. बघायला पुढचा आठवडा पडलेला असतो. त्या संध्याकाळचं काम माणसं जमवण्याचं असतं.

म्हणून ‘कुणी बघत नाही’ ही तक्रार मला नेम चुकलेली वाटते. जमलेली माणसं कोण असतात आणि जमल्यावर काय बोलतात, तक्रार तिथे व्हायला हवी.

मुंबईचा जुना इतिहास या बाबतीत आजच्यापेक्षा बराच तिखट आहे. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. १९४९मध्ये त्यांचं पहिलं प्रदर्शन मुल्कराज आनंद यांच्या हस्ते सुरू झालं, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या रँपार्ट रोवरच्या दालनात. ज्या सोसायटीच्या अभिरुचीवर ही पोरं उखडली होती, तिच्याच भिंतींवर. हिटलरच्या युरोपातून पळून आलेली काही माणसं तेव्हा मुंबईत होती. रूडी फॉन लायडन ‘टाइम्स ऑफ इंडिया’त समीक्षा लिहीत, वॉल्टर लांगहॅमर तिथेच कला संचालक होते, एमॅन्युएल श्लेसिंगर चित्रं विकत घेत. ही मंडळी प्रदर्शनाला येत तेव्हा कौतुक करून गप्प बसत नसत. काय फसलंय हे सांगत, वर्तमानपत्रात लिहीत, पुस्तकं आणून दाखवत. त्या काळाला सोनेरी मुलामा द्यायचं मात्र कारण नाही. जमणारी माणसं मूठभर, बरीचशी इंग्रजीतच वावरणारी, आणि गिरगाव-परळमधल्या माणसाला त्याचा पत्ताही नसे. पण जी जमत ती वाद घालायला जमत.

१९५२ साली काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली आणि शहराला एक हक्काची जागा मिळाली. दोनच वर्षांनी, १९५४मध्ये, पॅरिसहून परतलेल्या अकबर पदमसींचं प्रदर्शन तिथे लागलं. त्यातल्या ‘लव्हर्स’ या दोन चित्रांवर पोलिसांनी हरकत घेतली. पुरुषाचा हात स्त्रीच्या छातीवर आहे म्हणून. चित्रं उतरवा म्हटल्यावर विशी ओलांडून काहीच वर्षं झालेल्या या चित्रकारानं नकार दिला, खटला उभा राहिला आणि न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं. त्या चित्रांवर सरकारनं, कायद्यानं, वर्तमानपत्रांनी आणि चित्रकारांनी जितका विचार केला तितका आज एखाद्या प्रदर्शनावर होईल का, हा प्रश्न मला सतावतो. पोलीस यावेत अशी माझी इच्छा नाही, गैरसमज नको. पण चित्रावरून कुणाचं तरी डोकं फिरतंय, याचा अर्थ ते चित्र कुणीतरी बघितलंय.

आता आजचा जहांगीरमधला मंगळवार बघू. इथली प्रदर्शनं साधारणपणे मंगळवारी सुरू होतात आणि पुढच्या सोमवारी संपतात. एकेका आठवड्यासाठी चित्रकार काही वर्षं तारखेची वाट बघतात. सोमवारी रात्री आधीचं प्रदर्शन उतरतं आणि कोल्हापूर, नांदेड, जळगाव कुठून कुठून टेम्पोनं आलेली चित्रं आत येतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या फ्रेमा, एखादीची काच वाटेत तडकलेली. चित्रकाराचा भाऊ शिडीवर, मित्र लांब उभा राहून ‘उजवी बाजू वर, अजून थोडी, आता जास्त झाली’ सांगतोय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समई येते. एसीच्या झोताखाली वात पेटत नाही, मग प्रमुख पाहुण्यांच्या हातातल्या मेणबत्तीभोवती चार तळवे आडोसा धरतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. प्रमुख पाहुणे प्रदर्शनाला एक फेरी मारतात, प्रत्येक चित्रापुढे मोजून तेवढंच थांबून. मग भाषण होतं, त्यात चित्रकाराच्या कष्टांचा, आईवडिलांचा आणि रंगसंगतीचा उल्लेख असतो. चहा, सामोसा, वेफर्स. दाराशी टेबलावर अभिप्राय वही. तिच्यात सत्तर टक्के जागा ‘अप्रतिम’ आणि ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ यांनी व्यापलेली. टक्केवारी माझ्या अंदाजाची आहे, वही चाळून बघा, फार चुकणार नाही.

या समारंभाची टिंगल करणं सोपं आहे आणि मुंबईतले काही मोठे कलावंत ती मिटक्या मारत करतात. मला ती आवडत नाही. नांदेडहून आलेल्या मुलाच्या आईनं पैठणी नेसून त्या दालनात उभं राहणं ही मोठी गोष्ट आहे. तिच्या गावात चित्रकला म्हणजे दुकानाच्या पाट्या रंगवणं, आणि आज तिच्या मुलाचं नाव मुंबईत भिंतीवर आहे. खटकतं ते वेगळंच. अशाच एका संध्याकाळी मी बघितलेला प्रसंग सांगतो. पाहुण्यांची फेरी आटोपल्यावर चित्रकाराचे शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर, पांढरा सदरा, खांद्याला शबनम, एका मोठ्या निसर्गचित्राच्या इतक्या जवळ गेले की चष्मा कॅनव्हासला टेकेल असं वाटलं. मग तीन पावलं मागे आले. पुन्हा पुढे. ‘हा पिवळा तू वरून मारलास का रे? खालचा निळा ओला असताना?’ मुलगा म्हणाला, होय सर. ‘म्हणून मळलाय. थांबायचं होतंस. आणि हे झाड इथे कशासाठी? जागा भरायला?’ आजूबाजूचे नातेवाईक अस्वस्थ झाले, एका मामांनी हसून विषय बदलायचा प्रयत्नही केला. मुलगा मात्र मान डोलावत ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर त्या संध्याकाळी पहिल्यांदाच हार-तुऱ्यांच्या वेळी नसलेली जाग दिसली. त्या अख्ख्या समारंभात चित्रांविषयी झालेलं बोलणं ते एवढंच. पाचेक मिनिटांचं.

कुलाबा-फोर्टच्या खासगी गॅलऱ्यांमध्ये समई नसते, शालही नसते, पण मामा असतातच. फक्त ते इंग्रजी बोलतात. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड भरतो, २०१२पासून. महिन्यातल्या एका गुरुवारी बऱ्याच गॅलऱ्या रात्री उशिरापर्यंत उघड्या असतात. केकू गांधींनी फ्रेमांच्या व्यवसायातून १९६३ साली जहांगीरच्या माळ्यावर सुरू केलेली गॅलरी केमोल्ड २००७पासून फोर्टातल्या क्वीन्स मॅन्शनमध्ये तिसऱ्या मजल्यावर आहे. अशा दालनांत शिरताना तिकीट नसतं, कुणी अडवतही नाही. तरी जिन्यावरूनच माणसाची चाल बदलते. आत उंच पांढऱ्या भिंती, भिंतीवर इंग्रजीतला परिच्छेद. त्यात कामाविषयी जे लिहिलेलं असतं ते वाचून काम आणखी दूर जातं. किंमत कुठेही लिहिलेली नसते, ती टेबलापाशी जाऊन हळू आवाजात विचारायची. आणि बोलणं? ‘इंटरेस्टिंग’ या एका शब्दावर दोन तास निघतात. तो शब्द म्हणजे ‘अप्रतिम’चा कॉन्व्हेंटात शिकलेला चुलतभाऊ.

दोन्हीकडे माणसं इतकी गुळमुळीत का होतात? हीच माणसं नाटकाला गेली की कशी वागतात ते आठवा. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत नाटकाची चिरफाड सुरू झालेली असते. दुसरा अंक पडला, नायिकेला पाठांतर नाही, दिग्दर्शकाला काय म्हणायचंय कळत नाही. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ आलं तेव्हा पुण्यात जो कल्लोळ झाला तो नाटकाचा इतिहास झाला. मराठी प्रेक्षकाला आपल्या मताविषयी संकोच असतो असं कुणी म्हणणार नाही. फरक इतकाच की नाटकाला तो तिकीट काढून जातो. तिकीट काढलेला माणूस प्रेक्षक असतो, आमंत्रण आलेला पाहुणा. आणि पाहुण्यानं जेवणाला नावं ठेवायची नसतात, आमटी खारट झाली तरी वाटीभर आणखी मागायची असते. प्रदर्शनाला प्रवेश फुकट ठेवून आपण ते सगळ्यांसाठी खुलं केलं असं समजतो. झालंय असं की येणाऱ्या प्रत्येकाला आपण पाहुणा करून टाकलंय.

तिकीट लावा, असं मी म्हणत नाही. लावलं तर आहेत तीही माणसं जातील. शिवाय पैसा हा मुख्य अडसर नाहीच. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू आणि त्यांचे सहकारी अलाँ दार्बेल यांनी १९६०च्या दशकात युरोपातल्या कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकांची पाहणी केली, तिचं पुस्तक १९६६ साली आलं. संग्रहालयात कोण जातं हे तिकिटाच्या दरावर फारसं ठरत नाही, शिक्षणावर ठरतं, असं त्यांना दिसलं. ज्याला घरात आणि शाळेत चित्राकडे बघायची सवय लागली तो जातो. बाकीच्यांना दार उघडं असूनही ते आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. मुंबईत याचा पडताळा घ्यायला लांब जायला नको. भायखळ्याला राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं आणि दुरुस्तीनंतर २००८मध्ये नव्यानं सुरू झालेलं. सुदर्शन शेट्टी, अतुल दोडिया अशा समकालीन कलावंतांची कामं तिथे जुन्या मातीच्या प्रतिकृतींशेजारी लागली. प्राणी बघायला आलेली कुटुंबं, डब्बा घेऊन, पोरांना ओढत, तिथे आपसूक शिरतात. त्यांना कुणी आमंत्रण दिलेलं नसतं, म्हणून त्यांना कुणाचा मानही ठेवायचा नसतो. ‘हे काय आहे?’ हा प्रश्न तिथे मोठ्यानं विचारला जातो. कुलाब्याच्या गॅलरीत तो विचारायची छाती अजून मी कुणाची पाहिलेली नाही, आणि खरं सांगायचं तर समकालीन कलेला विचारण्याजोगा पहिला प्रश्न तोच आहे.

२०१७च्या हिवाळ्यात ससून डॉकमध्ये स्टार्ट इंडिया संस्थेनं भरवलेल्या कलाप्रकल्पातही असंच घडलं. मासळीचा वास, बर्फाच्या गाड्या, ओली फरशी आणि जुन्या गोदामांत मांडलेली कामं. कोळणींचे चेहरे भिंतींवर, आणि त्या चेहऱ्यांच्या मालकिणी खाली टोपल्यांपाशी. नुसते सेल्फी काढायला आलेलेही पुष्कळ होते, त्यावर नाकं मुरडली गेली. मुरडोत. ज्या गर्दीत यजमान कोण आणि पाहुणा कोण हे ठरवता येत नाही, तिथेच माणूस खरं बोलतो.

आता दुसरी बाजू, कारण ती पोकळ नाही. गॅलरी चालवणारा म्हणेल, भाडं कोण भरतं? फ्रेमवाला, वाहतूक, कॅटलॉग, विमा, दिवे. त्या संध्याकाळी चार संग्राहक आले, दोन चित्रांवर विक्रीची लाल टिकली लागली, तर वर्ष निघतं. तिथे भांडणं लावून कसं चालेल? चित्रकार म्हणेल, तीन वर्षं एकट्यानं खोलीत बसून काम केलंय, एक संध्याकाळ तरी चांगलं बोला. दोघांचंही खरं आहे. वासुदेव गायतोंडेंसारखा एखादाच निघतो, जो या सगळ्या मेळ्यापासून चार हात लांब राहून आपलं काम करत बसतो. त्यांच्या चित्राला २०१५ साली मुंबईतल्या क्रिस्टीजच्या लिलावात २९ कोटींहून जास्त रुपये आले तेव्हा ते जाऊन चौदा वर्षं झाली होती. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं तेही २०१४ साली, त्यांच्या मागेच. सगळ्यांनी असं थांबावं असं म्हणणं क्रूरपणा होईल.

पण या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. चांगलंवाईट नंतर कुणीतरी, कुठेतरी बोलेल, अशी. पूर्वी ते बरोबर होतं. उद्घाटन गोड, आणि चार दिवसांनी वर्तमानपत्रात समीक्षा, ती कधी कडू. ज्ञानेश्वर नाडकर्णींसारखे समीक्षक दालनं पालथी घालत आणि लिहीत. सतीश नाईकांनी ‘चिन्ह’सारखं नियतकालिक पदरमोड करून चालवलं. जहांगीरमध्येच सामोवार नावाचं चिंचोळं उपाहारगृह होतं, १९६४पासून. तिथे प्रदर्शन बघून आलेला चित्रकार दुसऱ्या चित्रकाराला एका चहावर तासभर फाडून खात असे. ते २०१५च्या मार्चमध्ये बंद झालं. वर्तमानपत्रांतले कलेचे स्तंभ त्याच्या कितीतरी आधी आटले होते. आज प्रदर्शनाची बातमी येते, उद्घाटनाचा फोटो येतो, समीक्षा येत नाही. त्या फोटोत चित्रं दिसतच नाहीत, चित्रांपुढे उभी असलेली माणसं दिसतात. समाजमाध्यमांवर तेच फोटो आणि खाली टाळ्यांचे हात. म्हणजे नंतर बोलण्याची जी सोय गृहीत धरून आपण उद्घाटनाला गोड बोलत होतो ती सोय गेली आणि गोड बोलणं तेवढं राहिलं. प्रदर्शनाचं सार्वजनिक आयुष्य त्या दोन तासांवर येऊन ठेपलंय. म्हणूनच त्या दोन तासांत काय बोललं जातं याला एवढं महत्त्व आलं आहे.

पालेकरांच्या भाषणाकडे या बाजूनं बघावं. ‘बरव्यांविषयी बोला’ ही सूचना वरवर रास्त वाटते. पण दालनात कुणाची चित्रं लागणार हे ठरवण्यात त्या शहरातल्या कलावंतांना जागा आहे की नाही, हा विषय बरव्यांच्या चित्रांपासून इतका लांब आहे का? ती चित्रं त्या भिंतीवर आली ती कुणाच्या तरी निर्णयानंच ना? त्याच संस्थेत २०१९च्या अखेरीस चित्रकार सुधीर पटवर्धनांचं मोठं प्रदर्शन झालं, आणि चांगलं झालं. पण त्या भिंतींवर पुढे काय लागणार आणि ते कोण ठरवणार, ही चिंता पालेकरांनी त्या संध्याकाळी बोलून दाखवली होती. ती बोलून दाखवायला उद्घाटनाहून योग्य जागा कोणती, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

बोलल्यानं आभाळ कोसळत नाही, हेही दिसलेलं आहे. कोची-मुझिरिस बिनाले हे कलाप्रदर्शन २०१२च्या १२ डिसेंबरला सुरू झालं. बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोन मल्याळी चित्रकारांनी ते उभं केलं, दोघंही मुंबईच्या जे. जे.चे. लोकांचं बिनाले म्हणून त्याचं नाव झालं आणि ते सार्थ होतं, कारण तिथे रिक्षावालेही येतात आणि शाळेच्या सहलीही. २०२२ साली मात्र उद्घाटन तोंडावर आलं असताना ते पुढे ढकललं गेलं. जगभरातून माणसं विमानानं येऊन पोचलेली आणि दालनांना कुलपं. प्रदर्शन २३ डिसेंबरला उघडलं. सहभागी कलावंतांनी गप्प बसून नमस्कार-चमत्कार केले नाहीत. त्यांनी जाहीर पत्र लिहून व्यवस्थेतल्या ढिसाळपणावर बोट ठेवलं, स्वतःची नावं खाली घालून. बिनाले बुडालं नाही. माणसं तिथे येतच राहिली.

आपल्याकडे पटवर्धनांनीच २००८-०९च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजे’ नावाचं समकालीन भारतीय कलेचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत फिरवलं. मुंबईच्या बाहेर, जिथे ही कामं कुणी प्रत्यक्ष पाहिली नव्हती तिथे. नाव मराठी, बोलणं मराठी. व्यवसायानं क्ष-किरणतज्ज्ञ असलेला, ठाण्यात राहून लोकल, पूल आणि चाळी रंगवणारा हा माणूस असं काही करतो यात नवल नाही. नवल याचं, की त्यानंतर तसं दुसरं काही ठळकपणे डोळ्यासमोर येत नाही. समकालीन कला मराठीत समजावून सांगता येत नाही, असा एक समज गॅलऱ्यांमध्ये आहे. एका गॅलरीत मी भिंतीवरचा मजकूर मराठीत मिळेल का विचारलं तेव्हा टेबलापलीकडची मुलगी प्रामाणिकपणे गोंधळली. तिला प्रश्न कळला होता, पण तो कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. बरव्यांनी एक अख्खं पुस्तक या भाषेत चित्राच्या आतल्या व्यवहारावर लिहून ठेवलंय. भाषा अडवत नाही. भिंतीवर पानभर मराठी छापायचा खर्च एका वाईनच्या बाटलीपेक्षा कमीच असेल.

तेव्हा उद्घाटनं बंद करा, समया विझवा, असलं काही मी सुचवणार नाही. समई राहू द्या, सामोसेही, वाईनही. भाषण मात्र एकाच माणसाचं ठेवा आणि ते माणूस चित्र वाचणारं असू द्या, खुर्चीवरचं नको. भाषणानंतर चित्रकारानं अर्धा तास आपल्याच चित्रांमधून लोकांना फिरवावं आणि कुणीही मध्येच काहीही विचारावं. रात्रभर जागून चित्रं टांगणाऱ्या पोरांना आणि फ्रेमवाल्याला पहिल्या रांगेत बसवावं. फ्रेमवाल्यांनी पाहिलेली चित्रं बहुतेक समीक्षकांनी पाहिलेली नसतात. आणि त्या ड्रॉइंगच्या मास्तरांना कुणाही मामानं हसून बाजूला घेऊ नये.

आणि वाचकांना एक विनंती. जहांगीर आर्ट गॅलरी सकाळी अकरा ते संध्याकाळी सात उघडी असते, तिकीट नाही, आमंत्रण लागत नाही. बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी जा. हार सुकलेले असतात, पाहुणे पांगलेले असतात आणि चित्रकार बहुधा दाराशी टेबलामागे एकटाच बसलेला असतो. अभिप्राय वहीत ‘अप्रतिम’ लिहू नका. जे आवडलं नाही ते त्याला विचारा.